तांड्याला नायक होता; ट्रकला कोण?

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात रेल्वेचे स्थानक नाही, नाव घेण्याजोगा मोठा उद्योग नाही, आणि शेती बहुतांशी आभाळाच्या भरवशावरची. सोयाबीन आणि तूर घरात आली की उरलेल्या महिन्यांत हाताला काय काम द्यावे हा येथील घराघरांतला प्रश्न आहे. अशा मुलखातील तरुणाला जे थोडे मार्ग मोकळे राहतात त्यांत मालट्रकची चालकी हा एक होय. मुलगा 'लाइनवर लागला' असे आईबाप मोठ्या समाधानाने सांगतात. त्या समाधानात काही चूक नाही. महिन्याला रोख पैसा घरी येतो आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बिऱ्हाड घेऊन जाण्याची पाळी टळते. परंतु लाइनवर लागण्यापूर्वी त्याला काय शिकवले गेले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मालक विचारत नाही, परिवहन खाते एका चाचणीपुरते विचारते, आणि समाज तर अपघाताची बातमी वाचूनच जागा होतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन एक वर्ष लोटल्याखेरीज मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. वयाची वीस वर्षे पुरी व्हावी लागतात. वैद्यकीय दाखला लागतो. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. ती काढली हे योग्यच झाले असे आम्हांस वाटते, कारण आठवीच्या दाखल्याने कोणाला घाट उतरता येत नाही. पण अट काढताना तिच्या जागी जे यावयास हवे होते ते सर्वत्र आले नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ च्या नियमांनी जड वाहनाचा सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा अभ्यासक्रम आखून दिला. तो चांगला आहे. तथापि अशी केंद्रे मोठ्या शहरांच्या आश्रयाने उभी राहतात. मानोऱ्याच्या मुलाने सहा आठवडे कोठे राहावे, काय खावे, याची तजवीज त्या नियमांत नाही. परिणामी, तो आपला जुन्या वाटेनेच जातो.

ही जुनी वाट म्हणजे उस्तादाची. क्लीनर म्हणून ट्रकवर चढायचे, चाके ठोकून पाहायची, ताडपत्री आवळायची, फाळका लावायचा, मागे घेताना हाका मारायच्या, आणि दोन-चार वर्षांनी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे उस्तादाने 'घे, बस' म्हटले की स्टिअरिंगवर बसायचे. या पद्धतीला नावे ठेवण्याची शहरी मंडळींना सवय आहे. तिच्यात शिवीगाळ होती, राबवणूक होती, व्यसनेही त्याच शाळेत शिकली जात. हे सगळे खरे. परंतु तिच्यात एक गोष्ट होती जी आजच्या कोणत्याही मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाही: शिकणारा संपूर्ण प्रवास पाहत असे. माल कोठे भरला, वजनकाट्यावर काय भरले, कोणत्या ढाब्यावर गाडी सुरक्षित राहते, कोणत्या घाटात कोणता गिअर, कोणत्या शहरात दिवसा प्रवेश नाही, परतीचे भाडे मिळेपर्यंत कोठे थांबायचे, हे सारे तो शंभर फेऱ्यांत अंगी मुरवून घेत असे. आज भाड्याची चुरस एवढी वाढली आहे की क्लीनरचा पगार मालकाला परवडत नाही. ट्रकची शेजारची जागा रिकामी पडली. त्या रिकाम्या जागेबरोबर या धंद्याची एकमेव पाठशाळाही बंद पडली, आणि तिच्या जागी दुसरी उघडण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

याच तालुक्यात हा विचार मांडताना एक विलक्षण विसंगती जाणवते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्यांचा इतिहास तेथे मांडला आहे ते लोक कोण? रेल्वे येण्यापूर्वी या देशातील लांब पल्ल्याची मालवाहतूक ज्यांच्या हाती होती ते लोक. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेल्या तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले; अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे असे तो लिहितो. धान्य आणि मीठ यांची ने-आण त्यांच्याकडे होती. १८०३ साली आडगाव आणि गाविलगडच्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेच्या पोटाची काळजी याच लमाणांच्या बैलांवर होती. वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्या रीतिभातींवर जे टिपण लिहिले ते १८८२ साली पुन्हा छापले गेले. म्हणजे सरकारलाही त्यांची नोंद घ्यावीशी वाटली. अर्थात कौतुकाने नव्हे, संशयाने. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली होती, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अनेक भटक्या वाहतूकदार जमातींना थेट गुन्हेगारच ठरवले.

हे सर्व सांगण्याचे कारण गतवैभवाचे उमाळे काढणे नव्हे. तांड्याची वाहतूक नियोजनावर चाले, हे दाखवावयाचे आहे. तांड्याला नायक असे. आजचा पल्ला किती, पुढच्या मुक्कामाला पाणी आहे का, चारा आहे का, नदी उतारू देईल का, कोणत्या वाटेवर लुटारूंचे भय आहे, पावसाळ्याचे चार महिने कोठे बसायचे, हे ठरवण्याचा अधिकार नायकाचा. मालाचा धनी कितीही मोठा सावकार असो, बैल थकले की तांडा थांबे. सावकाराच्या घाईखातर बैल मारून घेण्याइतका नायक अडाणी नव्हता. कारण बैल मेला तर तोटा त्याचा स्वतःचा होता. आज त्याच तांड्यातला नातू-पणतू डिझेलचे तीन-चारशे अश्वशक्तीचे जनावर हाकतो. परंतु पल्ला ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि थकणारा जीव म्हणजे तो स्वतः. तो गेला तर मालकाचा विमा उतरवलेला असतो.

आता प्रवासाची आखणी म्हणजे काय, हे एका साध्या फेरीवरून पाहू. मानोऱ्याहून माल भरून भिवंडीकडे जायचे आहे. कारंजाजवळ समृद्धी महामार्गावर चढले की आमण्यापर्यंत एकच रस्ता. घरापासून पोच देण्याच्या ठिकाणापर्यंत अंतर सहाशे किलोमीटरच्या आतबाहेर. समृद्धीवर जड मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. भरलेल्या गाडीचा चढ-उतार, टोल, चहापाणी, टायरची तपासणी धरून सरासरी पन्नास-पंचावन्न पडली तरी पुष्कळ झाली. म्हणजे नुसते चाकावर बसणे अकरा-बारा तासांचे. त्याआधी माल भरून घेण्यात गेलेला अर्धा दिवस आणि नंतर गोदामापुढच्या रांगेत गेलेला दिवस कोणी मोजतच नाही. साधे गणित असे सांगते की ही फेरी एका चालकाने एका दमात करण्याची नाही. मध्ये एक पुरी झोप हवी, आणि ती कोठे घ्यायची हे निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

याच फेरीची दुसरी बाजू पाहा. मालाबरोबर जे ई-वे बिल असते त्याची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. सहाशे किलोमीटरसाठी कायदा मालाला तीन दिवस देतो! गाडी बिघडली, रस्ता बंद पडला, तर मुदत वाढवून घेण्याचीही सोय आहे. म्हणजे मालाच्या कागदाला दिवसाकाठी दोनशे किलोमीटर पुरतात आणि माणसाला मात्र एका रात्रीत सहाशे हाकायला लावले जाते. ही घाई सरकारची नाही, कायद्याची नाही, बहुतेक वेळा मालाचीही नाही; सोयाबीन काही रात्रीत नासत नाही. ही घाई हप्त्याची आहे. फायनान्सवर घेतलेली गाडी महिन्यात जितक्या फेऱ्या करील तितका हप्ता सुटणार, म्हणून मालक घाई करतो. आणि फेरीमागे पैसे मिळणार म्हणून चालकही त्या घाईत सामील होतो. नव्या चालकाला ही एक गोष्ट जरी कागदावर मांडून दाखवली की त्याच्या हातात किती वेळ आहे, तरी मालकाशी बोलताना त्याला तोंड फुटेल.

कामाच्या तासांचा कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी परवानगीने फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला चौपन्न. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना तो लागू होता. एकदोन गाड्या बाळगणारा मालक त्या जाळ्यातून सहज सुटे, आणि आपल्याकडची मालवाहतूक बरीचशी अशाच मालकांच्या हाती आहे. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. नाव बदलले, महामार्गावर रात्री दोन वाजता चालकाचे तास मोजणारा माणूस मात्र अद्याप कोणी पाहिलेला नाही. युरोपात साडेचार तास हाकल्यावर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला सामान्यतः नऊ तासांची मर्यादा. गाडीतले यंत्रच त्याची नोंद ठेवते. अमेरिकेत सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकरा तास हाकता येते, आणि फेब्रुवारी २०२२ पासून नव्या जड वाहनचालकाला नेमून दिलेले प्रशिक्षण घेतल्याखेरीज परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही. त्या प्रशिक्षणात फेरीची आखणी हा स्वतंत्र विषय आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ साली वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत असे बोलून दाखवले होते. बोलण्याला आता बरीच वर्षे झाली.

दूर कशाला, घरचेच उदाहरण आहे. १९४८ साली सुरू झालेल्या आपल्या एसटीवर आपण सर्वजण यथेच्छ तोंडसुख घेतो. परंतु एसटीच्या चालकाला त्याची ड्यूटी ठाऊक असते, मुक्काम ठाऊक असतो, आगारात गाडी तपासून घेण्याची जागा असते, आणि बिघाड झाल्यास कोणाला कळवायचे हेही ठाऊक असते. त्याच रस्त्यावर, तितक्याच वजनाचे किंवा त्याहून जड वाहन हाकणाऱ्या ट्रकचालकाला यांपैकी काहीही नसते. फरक माणसांचा नाही, व्यवस्थेचा आहे. पुण्याची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून अस्तित्वात आहे. तामिळनाडूतील नामक्कल येथे, जेथे शेतीत भागेना म्हणून गावेच्या गावे लॉरीच्या धंद्यात उतरली, तेथे १९९५ साली चालकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. नामक्कलला जे सुचले ते वाशीमला सुचू नये याचे कारण समजत नाही.

न शिकवण्याची किंमत काय पडते, याची उदाहरणे ताजी आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. आकडा एवढा मोठा आहे की तो मनात शिरतच नाही. म्हणून एकेक प्रसंग पाहावा. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या जड वाहनाने समोरची कित्येक वाहने चिरडत नेली. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. ही सवय आमच्याकडच्या शेकडो चालकांची आहे आणि ती दुष्टपणाची नव्हे, अज्ञानाची आहे. जड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ती हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद केले की टाकीत आहे तेवढीच हवा, आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की ती कमी होत जाते. शिवाय गिअर काढून घेतल्याने इंजिनाची ओढ नाहीशी होते, सारा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा उस्तादांचा जुना दंडक यासाठीच होता. दहा मिनिटांत फळ्यावर समजावून सांगता येईल अशी ही गोष्ट आहे. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे ताबा सुटलेला कंटेनर रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री समृद्धीवर वैजापूरजवळ उभ्या ट्रकवर प्रवासी वाहन मागून आदळून बारा भाविक मृत्युमुखी पडले. तो ट्रक तेथे कोणामुळे थांबला हा निराळ्या चौकशीचा भाग. पण वेगवान महामार्गावर उभे वाहन म्हणजे काय, हे त्या रात्रीने दाखवले.

समृद्धीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या महामार्गाने वाशीम जिल्हा मुंबई-नागपूरच्या मधोमध आणून ठेवला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता. परंतु सरळ, रुंद, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे राहून मन झोपी जाते, हा अनुभव आपल्याकडे नवा होता. जुन्या रस्त्यावर दर दहा किलोमीटरला गाव, गतिरोधक, म्हशी, चहाची टपरी. चालकाला शिव्या देत का होईना जागे राहावे लागे. नव्या रस्त्याने ती कटकट घालवली आणि सुरुवातीच्या काळात त्याबरोबर थांबण्याच्या जागाही नव्हत्या. रात्री दोन ते पाच ही वेळ शरीराच्या घड्याळाप्रमाणे झोपेची. कडक चहाने ती टळत नाही, तंबाखूने तर नाहीच. त्या तीन तासांत चाक फिरणार नाही अशी फेरी आखणे, यापरते मोठे शहाणपण नव्या चालकाला शिकवण्याजोगे नाही. काँक्रीटवर तापणारे टायर, त्यांतील हवेचा दाब, मागच्या जोडचाकांत अडकलेला दगड, यांची तपासणी दर थांब्याला करावी हे त्याखालोखाल.

यावर गाडीमालकांचे म्हणणे काय असेल ते आम्ही जाणतो. फेरीला एक दिवस वाढला तर भाडे वाढवावे लागेल आणि दलाल दुसरी गाडी लावील. म्हणणे खोटे नाही. एकट्या मालकाने नियम पाळावा आणि शेजाऱ्याने मोडावा अशी स्थिती असेल तर पाळणारा बुडतो. म्हणूनच तासांची मर्यादा सर्वांना सारखी आणि यंत्राने मोजलेली असावयास हवी. २०१८ साली गाड्यांची अधिकृत वजनमर्यादा वाढवून तीन आसांच्या ट्रकला २५ ऐवजी साडेअठ्ठावीस टन देण्यात आले. वजन वाढवून मिळाले तेव्हा कोणी तक्रार केली नाही. विश्रांतीचे तास वाढवून मागितले तर धंदा बुडतो, हा युक्तिवाद मात्र तयार असतो. जानेवारी २०२४ च्या आरंभी नव्या न्याय संहितेतील अपघात करून पळून जाण्याच्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या वेळी शिक्षेच्या वर्षांची भरपूर चर्चा झाली. ज्याला शिकवले नाही त्याला किती वर्षे शिक्षा द्यावी, ही चर्चाच मुळी उलट्या टोकाने सुरू झाली होती.

मग करायचे काय? मानोऱ्यासारख्या ठिकाणी सिम्युलेटर आणि वातानुकूलित वर्ग यांची स्वप्ने पाहण्याची गरज नाही. पाच-सहा निवृत्त, जाणते चालक, एक जुना पण चालू स्थितीतला ट्रक, एक मोकळे मैदान, राहण्या-जेवण्याची सोय आणि तीन महिन्यांची मुदत, एवढ्यावर शाळा उभी राहू शकते. पहिला महिना गाडी, कागद आणि नकाशा यांचा: फिटनेस, विमा, परमिट, ई-वे बिल, फास्टॅग काय असते आणि मुदत कशी मोजायची, वजन आसांवर कसे वाटले जाते, दोर कसा आवळायचा. पुढचे दोन महिने खऱ्या फेऱ्यांचे, उस्तादाच्या शेजारी बसून. आणि दर फेरीपूर्वी शिकाऊ मुलाने स्वतःच्या हाताने आखणी लिहून दाखवायची: किती वाजता निघणार, कोठे थांबणार, कोठे झोपणार, कोणता घाट, कोणत्या शहराची प्रवेशबंदी, डिझेल कोठे, आणि बेत फसला तर दुसरी वाट कोणती. आखणी पसंत पडल्याखेरीज चावी मिळणार नाही. क्लीनरची रिकामी जागा अशी भरून निघेल आणि त्या मुलाला विद्यावेतन मिळाले तर मालकावर बोजाही पडणार नाही.

पैसा कोठून येणार हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळ १९८४ पासून व्यवसायासाठी कर्जे देत आहे. वाहनासाठी कर्ज मागणाऱ्याला आधी अशा शाळेतून पाठवण्यास कोणाची हरकत असू नये. नागपूरची 'महाज्योती' ही संस्था इतर मागास आणि भटक्या विमुक्त समाजांतील मुलांना विमान चालवण्याचे प्रशिक्षण देऊ शकते. ते तिने अवश्य द्यावे; पण तांड्यातून वैमानिक निघतील तेव्हा बोटांवर मोजण्याइतके निघतील, आणि ट्रकचालक मात्र दरवर्षी निघतच राहणार आहेत. वाशीम हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि त्या कार्यक्रमात कौशल्यविकासाला वेगळे स्थान आहे. एका धोक्याकडे मात्र आधीच लक्ष वेधले पाहिजे. ही शाळा दाखल्याचे दुकान होऊ देता कामा नये. चालकाच्या दाखल्यांचा बाजार आपल्याकडे कसा चालतो हे वाचकांना सांगावयास नको. म्हणून परीक्षा शिकवणाऱ्याने घेऊ नये, परिवहन महामंडळाच्या एखाद्या जुन्या परीक्षकाने घ्यावी.

रामनवमीला पोहरादेवीस यात्रा भरते. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून बंजारा समाज तेथे लोटतो आणि लाइनवर असलेली मुलेही शक्य असेल तर त्या सुमारास घरी येतात. शाळा निघेल तेव्हा निघेल. यात्रेच्या त्या दिवसांत चालकांची डोळ्यांची आणि रक्तदाबाची तपासणी, आणि शिकवू शकतील अशा जुन्या उस्तादांची नावनोंदणी, एवढे काम परिवहन खात्याने व आरोग्य खात्याने येत्या यात्रेपासूनच तेथे एक मांडव घालून सुरू करावे. मांडवाला फारसा खर्च येत नाही.